सर्पगंधाची पूड आणि वडिलांचा अबोला

प्रश्न : वडील (६८) झोप व रक्तदाबासाठी ओळखीच्या माणसाकडून आणलेली सर्पगंधाच्या मुळीची पूड घेतात. दोन महिन्यांपासून ते गप्प गप्प असतात, चालही मंदावली आहे. पुडीचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि मला तो गंभीर वाटतो. या मुळीतले रेसर्पिन खरेखुरे औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा गुण जगासमोर मांडला. मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन ही संदेशरसायने इवल्या पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन ती साठवणच रोखते. साठा आटला की माणूस शांत होतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. उदासी येऊ शकते. डोपामिन घटल्याने हालचाली कंपवातासारख्या मंद होतात. घरच्या पुडीत रेसर्पिन किती, हे चमच्याने मोजता येत नाही.

पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, इतर गोळ्याही दाखवा. रक्तदाबाची चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका. पूड थांबवल्यावरही परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात. तोवर वडिलांना एकटे सोडू नका. जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर तडक रुग्णालय गाठा.