घोरणे, झोपेतील श्वासरोध आणि शस्त्रक्रिया

मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपी गेला आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो नेहमीच खरा नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटला, तर श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि झोपमोड होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला असे ३० वा अधिक वेळा घडल्यास विकार तीव्र समजला जातो. यास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. रोग्यास त्याची जाणीव क्वचितच असते. घरच्यांनीच ते ओळखावे लागते. दिवसा पेंग येणे, सकाळी डोके दुखणे व रक्तदाब वाढणे ही या विकाराची लक्षणे होत. पेडण्यातील महामार्गावर किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यात वाहन चालविणाऱ्यास एक डुलकीही प्राणघातक ठरू शकते.

शस्त्रक्रिया कोणती करावी, हे अडथळा कोठे आहे यावर ठरते. म्हणून रात्रभराची निद्राचाचणी व दुर्बिणीने नाक-घशाची तपासणी आधी आवश्यक असते.

मुलांमध्ये बहुधा टॉन्सिल व नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथी वाढलेल्या असतात. त्या काढल्यावर पुष्कळ मुलांस आराम पडतो. वर्गात पेंगणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांकडे त्याच्या झोपेची चौकशी करावी.

प्रौढांसाठी वजन घटविणे, मद्य टाळणे, कुशीवर झोपणे आणि मुखवट्यातून दाबाने हवा पुरविणारे यंत्र हे प्रथमोपचार ठरतात. हे यंत्र १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणले. ते सोसत नसल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो :

१. नाकाचा वाकडा पडदा सरळ करणे. एवढ्याने विकार सहसा जात नाही. मात्र यंत्र वापरणे सुकर होते.

२. पडजीभ व मऊ टाळूचा जादा भाग काढणे. याचा गुण सर्वांस सारखा येत नाही.

३. दोन्ही जबडे पुढे सरकविणे. ही मोठी, परंतु परिणामकारक शस्त्रक्रिया आहे.

४. जिभेच्या मज्जातंतूस चेतना देणारे उपकरण बसविणे. हा उपाय नवा व खर्चिक आहे.

५. अन्य उपाय थकल्यास गळ्यातून श्वासनलिकेस छिद्र पाडणे.

शस्त्रक्रियेनंतर घोरणे थांबले, तरी श्वासरोध उरलेला असू शकतो. यास्तव निद्राचाचणी पुन्हा करून घेणे अगत्याचे आहे.

लक्षणे आढळल्यास प्रथम जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे व तेथील डॉक्टरांच्या सल्ल्याने बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्यावी. जाताना रात्रीचा श्वास थांबताना पाहिलेल्या घरच्या व्यक्तीस सोबत न्यावे; निदानास तिची साक्ष मोलाची ठरते.