खेळाडू मुलींचें जेवण

शर्यतीस उभ्या राहणाऱ्या मुलीनें काय खावें, असा प्रश्न निघाला म्हणजे दूध, बदाम, खारीक यांचींच नांवें पुढें येतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ती जेवढे श्रम करते तेवढ्यांस पुरेल इतकें ती जेवते काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

याचा उत्तम पुरावा अमेरिकेंतील लाउक्स व थुमा या संशोधकांच्या, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सांपडतो. मासिक पाळी नियमित असलेल्या २९ तरुण स्त्रियांस त्यांनीं पांच दिवस मोजून अन्न दिलें व ठराविक व्यायाम करविला. व्यायामाचा खर्च वजा जातां, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागें ४५ कॅलरी शिल्लक राहिल्या, तेव्हां बिघाड दिसला नाहीं. ही शिल्लक ३० च्या खालीं गेली मात्र, पाळीचें नियमन करणाऱ्या अंतःस्रावाची लय विसकटली. अवघ्या पांच दिवसांत! ही मर्यादा सर्वांस सारखी नसते, हें पुढील संशोधनानें दाखविलें आहे. तथापि अंदाजास ती पुरे.

आपण हिशेब मांडून पाहूं. ५० किलो वजनाच्या मुलीचें चरबीविरहित वजन ४० किलो धरलें, तर ४५ च्या मानानें तिला १८०० कॅलरी हव्यात. सरावांत ५०० खर्च होत असतील तर एकूण २३००. ती १७०० वर राहिली कीं ३० च्या काठावर आलीच. उणीव ६०० कॅलरींची, म्हणजे शंभर शंभर ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरींहूनही कमी! पहाटे उपाशीं धांवून तशीच शाळा गांठणारी मुलगी एवढें सहज गमावते. शिवाय कठीण व्यायामानंतर भूक कांहीं वेळ मंदावते, त्यामुळें तिला उणीव जाणवतही नाहीं.

मग शरीर काटकसर करूं लागतें. पाळी लांबते, पुढें थांबते. ही कसून सराव केल्याची खूण होय, असें कित्येक जणी समजतात. आमच्या मतें ही समजूत घातक आहे. हाडांस जपणारें इस्ट्रोजेन अशा वेळीं घटतें, आणि हाडें भरावयाचीं तीं तर याच वयांत. पायाच्या हाडास बारीक चीर पडली म्हणजे धांवणेंच बंद. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनें २०१४ सालीं या विकारसमूहास स्वतंत्र नांव देऊन शिक्षकांचेंही लक्ष तिकडे वेधलें. तीन महिने पाळी आली नाहीं, तर मुलीनें संकोच न करितां आईस सांगावें व डॉक्टरांस भेटावें.

सरावापूर्वीं एक केळें, परतल्यावर भाकरी-उसळ आणि दूध, एवढें बहुतेक घरीं साधतें. उसळीवर लिंबू पिळावें, म्हणजे तींतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबरचा चहा तें अडवितो, तो तासाभरानें घ्यावा. आणि ज्या घरीं मुलगी सर्वांच्या मागून उरलेलें जेवते, त्या घरच्या वडील मंडळींनीं तिचें ताट आधीं वाढावें.