दूर पल्ल्याची धाव : शास्त्र, शिस्त आणि संयम

पहाटे पाचच्या सुमारास महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर तरुण मुले-मुली धावताना दिसतात. कोणाला पोलीस दलात जावयाचे असते, कोणाला सैन्यात, तर कोणाला जिल्हा स्पर्धेत आपल्या शाळेचे नाव काढावयाचे असते. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याची कसोटी असते. या अवघ्या काही मिनिटांवर कित्येक कुटुंबांच्या आशा अवलंबून असतात.

परंतु या तरुणांपैकी पुष्कळांना मार्गदर्शक लाभत नाही. भरतीची जाहिरात निघाली की ते धावू लागतात, रोज जीव तोडून धावतात आणि थोड्याच आठवड्यांत नडगी किंवा गुडघा धरून घरी बसतात. काही वेळा परिणाम याहून गंभीर होतो. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीसाठी घेतलेल्या १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या काळात अनेक उमेदवार मृत्युमुखी पडले. दूर पल्ल्याची धाव ही केवळ जिद्दीची बाब नसून ती एक विद्या आहे, आणि ती गावपातळीवर शिकविता येते, याची जाणीव शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मराठी मुलखाची परंपरा

या विद्येची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९२० मध्ये अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला होता. अलीकडच्या काळात नाशिक जिल्ह्यातील आदिवासी भागातल्या सावरपाडा या गावच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक पटकाविले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अशी मजल मारल्यानंतर ट्रॅकवरील अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय महिला ठरल्या.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. सैन्यात दाखल झाल्यानंतर ते स्पर्धात्मक धावण्याकडे वळले आणि २०१७ पासून त्यांनी स्टीपलचेस हा प्रकार हाती घेतला. पुढच्याच वर्षी त्यांनी गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक त्यांच्यापासून केवळ ०.०५ सेकंद दूर राहिले. २०२३ मध्ये हांगझो येथील आशियाई स्पर्धेत मात्र त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ही सर्व नावे मोठ्या शहरांतील नसून सुविधांचा अभाव असलेल्या गावांतील आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

धावताना शरीरात काय घडते

थोड्या अंतराच्या धावेला लागणारी ऊर्जा स्नायू प्राणवायूच्या साहाय्याविना काही काळ निर्माण करू शकतात. परंतु अंतर वाढत जाते तसतसा प्राणवायूचा वाटा झपाट्याने वाढतो. ८०० मीटरच्या धावेतदेखील निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या आधारे निर्माण होते, तर १५०० मीटरच्या धावेत हे प्रमाण सुमारे चार पंचमांश असते. म्हणजेच १६०० मीटरची चाचणी ही दिसावयास वेगाची असली तरी वस्तुतः ती दमाची परीक्षा होय.

हा दम वाढतो तो शरीरातील संथ बदलांमुळे. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते. मात्र सर्व अवयव एकाच गतीने बदलत नाहीत. हृदय व स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडे, अस्थिबंध आणि स्नायुबंध यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. महिन्याभरात दम वाढल्याचे जाणवताच तरुण अंतर व वेग दोन्ही एकदम वाढवितो आणि त्याच वेळी त्याच्या नडगीचे हाड अद्याप तो भार पेलण्यास तयार नसते. बहुतेक दुखापतींचे मूळ येथे आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, सरावाने शरीर प्रथम थकते, आणि त्यानंतरच्या झोपेत व विश्रांतीत ते पूर्वीपेक्षा बळकट होते. विश्रांती नसेल तर थकवाच साचत जातो. यास्तव विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच एक भाग मानावयास हवा.

सावकाश धावून वेगवान कसे व्हावे

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात पादत्राणांच्या कारखान्यात काम करणारे आर्थर लिडिअर्ड यांनी १९५० च्या दशकात आपल्याच वस्तीतील तरुणांना धावण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. त्या काळी ट्रॅकवर वेगवान फेऱ्या वारंवार मारणे हीच सरावाची प्रमुख पद्धत समजली जाई. लिडिअर्ड यांनी आपल्या धावपटूंना आधी कित्येक आठवडे दर आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर रस्त्यावर आणि डोंगरवाटांवर धावावयास लावले. आश्चर्य म्हणजे ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेल यांनाही त्यांनी यातून सूट दिली नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. बॅरी मॅगी यांना मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळाले. एका वस्तीतील एका मार्गदर्शकाने हे घडवून आणले.

एवढे अंतर नवशिक्याने धावावे असा याचा अर्थ नाही. त्यामागचे तत्त्व मात्र सर्वांना लागू आहे. आधी पाया घालावा, मग वेगाची इमारत उभी करावी. पुढे उत्तम धावपटूंच्या सरावाचे जे अभ्यास झाले, त्यांतही असे आढळून आले की, त्यांची सुमारे ८० टक्के सरावसत्रे सौम्य गतीची आणि केवळ २० टक्के कठोर असतात. सौम्य गती ओळखण्यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली तर गती योग्य आहे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर ती अधिक आहे. नवशिके याच्या नेमके उलट वागतात. ते रोज मध्यम-जलद गतीने धावतात. त्यामुळे पाया पक्का होत नाही आणि खऱ्या वेगाच्या दिवशी पायांत जोरही उरत नाही.

बारा आठवड्यांची आखणी

निरोगी असलेल्या, परंतु धावण्याची सवय नसलेल्या तरुणासाठी पुढील आखणी उपयुक्त ठरेल.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून चार दिवस, दर वेळी अर्धा तास. दोन मिनिटे सावकाश धावावे व एक मिनिट चालावे. दर आठवड्याला चालण्याचा वेळ थोडा कमी करावा.

पाचवा ते आठवा आठवडा : चार दिवस ३० ते ४० मिनिटे न थांबता सौम्य धाव. त्यांपैकी एका दिवशी वेळ हळूहळू ५० मिनिटांपर्यंत न्यावा. शक्य असल्यास हा सराव मातीच्या वाटेवर करावा. सौम्य धावेनंतर शंभर मीटरच्या चार-पाच मोकळ्या, जलद धावा घ्याव्यात.

नववा ते अकरावा आठवडा : एका दिवशी ४०० मीटरच्या चार ते सहा जलद फेऱ्या व प्रत्येकीनंतर तीन मिनिटे चालणे. दुसऱ्या एका दिवशी १५ ते २० मिनिटे कष्टाच्या, परंतु सांभाळता येईल अशा गतीने धाव. उरलेले दिवस सौम्य धाव. दोन कठोर दिवस कधीही लागोपाठ घेऊ नयेत.

बारावा आठवडा : सराव निम्म्यावर आणावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केलेल्या अतिरेकी सरावाने लाभ होत नाही, हानी मात्र होते.

आहार, ऊन आणि आरोग्य तपासणी

भाकरी, डाळ-उसळ, शेंगदाणे, गूळ, हिरव्या पालेभाज्या, अंडी किंवा दूध हा गावात मिळणारा आहार धावपटूस पुरेसा आहे, मात्र तो पोटभर हवा. मुलींच्या बाबतीत लोहाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. रक्तात लोह कमी असेल तर प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच घटते. अशी मुलगी मागे पडली तर तो तिचा आळस नव्हे, आजार होय. पालेभाजीवर लिंबू पिळावे व जेवणासोबत चहा टाळावा, म्हणजे लोह अधिक शोषले जाते. सराव वाढल्यावर मासिक पाळी अनियमित झाली तर आहार अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आदिवासी भागात सराव सुरू करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. केवळ वाहक असलेल्या व्यक्तींनाही उन्हात, पाण्याविना, एकाएकी अतिश्रम केल्यास धोका संभवतो. सावकाश चढत जाणाऱ्या सरावाने व पुरेशा पाण्याने तो बराच टाळता येतो.

उन्हाळ्यात सराव सूर्योदयाच्या सुमारास आटोपावा. धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शरीर थंड करण्यास लागलेला उशीर प्राणघातक ठरतो. ताप असताना धावू नये. छातीत दुखत असेल, श्रम करताना पूर्वी कधी शुद्ध हरपली असेल किंवा कुटुंबात अल्पवयात अचानक मृत्यू घडला असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून धावू नये.

मनाची तयारी

शर्यत पायांनी धावली जाते, तशीच ती मनानेही धावली जाते. मनाची पहिली परीक्षा आरंभालाच असते. शिटी वाजताच घोळका सुसाट सुटतो आणि त्याच्यासोबत वाहून जाण्याचा मोह होतो. ज्याला १६०० मीटर सहा मिनिटांत पूर्ण करावयाचे आहे, त्याने २०० मीटरची प्रत्येक फेरी ४५ सेकंदांत धावली पाहिजे. पहिली फेरी ३६ सेकंदांत मारणाऱ्यास नऊ सेकंद वाचल्याचे समाधान मिळते, परंतु पाचव्या-सहाव्या फेरीत तो त्याहून कितीतरी अधिक गमावतो. सरावातच घड्याळ लावून ही समान गती अंगी बाणवावी.

दुसरी परीक्षा शर्यतीच्या उत्तरार्धात येते. तेव्हा उरलेल्या संपूर्ण अंतराचा विचार न करता पुढच्या वळणापर्यंतचाच विचार करावा. खांदे सैल सोडावेत, श्वासाची लय सांभाळावी. कष्ट जाणवू लागले म्हणजे शक्ती संपली असे नव्हे, हे ज्याने सरावाच्या कठोर दिवशी अनुभवले आहे, तो घाबरत नाही. मात्र श्रमाचा थकवा आणि दुखापतीची वेदना यांतील भेद ओळखावयास शिकणे हेही मनाच्या शिक्षणाचेच अंग आहे. एकाच जागी बोट ठेवून दाखविता येणारी, रोज वाढत जाणारी वेदना ही थांबण्याची सूचना असते.

तिसरी परीक्षा सर्वांत दीर्घ असते, आणि ती म्हणजे संयम. रोजचे अंतर, वेळ, झोप आणि प्रकृती यांची नोंद एका वहीत ठेवावी. तुलना शेजाऱ्याशी न करता मागील महिन्यातील आपल्याच नोंदीशी करावी.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकतात

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. सुमारे ८५ मीटर लांब व ४५ मीटर रुंद सपाट जागा असल्यास २०० मीटरची धावपट्टी आखता येते. तिच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ४० मीटर व दोन टोकांची अर्धवर्तुळे १८.९० मीटर त्रिज्येची ठेवून आतील रेषा फक्कीने आखावी. रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून धावल्यास एक फेरी बरोबर २०० मीटरची होते. चार फेऱ्यांत ८०० मीटर व आठ फेऱ्यांत १६०० मीटर पूर्ण होतात. जमीन रोलरने दाबून खडे वेचावेत आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी. पहाटे सरावास येणाऱ्या मुलींसाठी दिव्याची आणि सोबतीची व्यवस्था असावी. या लहान वाटणाऱ्या गोष्टीमुळे कित्येक मुली सराव सुरू ठेवू शकतील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने वर्षातून एकदा रक्ततपासणी घडवून आणता येईल. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी भरतीची जाहिरात निघण्याची वाट न पाहता वर्षभर सौम्य धावेचा वर्ग चालविला, तर दुखापती तर टळतीलच, शिवाय गुणवत्ताही वेळीच हेरता येईल.

भरतीच्या जागा मर्यादित असतात आणि धावणारे अनेक. प्रत्येकाला यश लाभेलच असे नाही. परंतु योग्य रीतीने धावावयास शिकलेला तरुण यश न मिळाल्यासही धडधाकट शरीर आणि स्वतःच्या मर्यादा ओळखून त्या हळूहळू ओलांडण्याची सवय घेऊन घरी परततो. ही सवय त्याला शेतात, कचेरीत आणि संसारातही उपयोगी पडेल. त्यासाठी गावाने त्याला एक सपाट मैदान, एक जाणता शिक्षक आणि पुरेसा अवधी एवढेच द्यावयाचे आहे.