नव्या मोटारीचा विमा

मुलांनो, समजा खडकी बाजारात राहणाऱ्या तुमच्या चाचांनी नवी मोटार घेतली. विम्याची दोन दरपत्रके आली. एकाचा हप्ता कमी, दुसऱ्याचा जास्त. चाचा स्वस्त कागदावर सही करू लागले. त्यांना जरा थांबवा!

रस्त्यावरील दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. नव्या मोटारीसाठी तो १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते. म्हणून तो सर्व कंपन्यांत सारखाच. मग फरक कुठे पडतो? आपल्या स्वतःच्या मोटारीच्या विम्यात.

तेथे 'आयडीव्ही' हा रकाना आधी पाहावा. आयडीव्ही म्हणजे मोटारीची विम्यासाठी ठरवलेली किंमत. मोटार चोरीस गेली, तर फार तर तेवढीच रक्कम मिळते. ही किंमत कमी लिहिली की हप्ताही कमी होतो. (किंमत, रक्कम, नुकसान हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच!)

खडकीजवळून मुळा नदी वाहते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करताना इंजिन बिघडले, तर साध्या विम्यात सहसा त्याचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी जादा हप्ता भरून इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते कोणत्या दरपत्रकात आहे, हे चाचांना वाचून दाखवा.