पोरगा बोटीवर निघालाय तर...

बाय, पोरगा बोटीवर जायचा म्हटलं की आपल्याकडे आधी बॅग आणतात. तू ती सगळ्यात शेवटी आण. आधी त्याची कामं त्याच्या हातात दे. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, कोर्सची सर्टिफिकेटं, बँकेचं पासबुक आजवर तुझ्या कपाटात साड्यांखाली आहे. निघायच्या महिनाभर आधी सगळ्याची फाईल करून त्याच्या ताब्यात दे आणि झेरॉक्सचा एक सेट तुझ्याकडे ठेव. त्यातलं एखादं सर्टिफिकेट तो कुठंतरी विसरेल, मग शोधत धावेल. धावू दे. उरणात विसरलेलं उरणातच मिळतं, सिंगापूरच्या बंदरात नाही मिळत.

एका बाबतीत मात्र त्याच्या पाठीशी ठाम उभी राहा. ‘नोकरी लावतो, इतके द्या’ म्हणणारा एजंट दारात आला तर गळ्यातलं मोडू नकोस. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचं आरपीएसएल लायसन्स लागतं, आणि नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. कंपनी यादीत आहे की नाही ते महासंचालनालयाच्या वेबसाइटवर बघता येतं. करारावर किती महिने लिहिलेत ते वाच, घरचा माणूस म्हणून कुणाचं नाव दिलंय ते वाच, आणि कंपनीच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव. एवढं केलंस की रात्रीची निम्मी काळजी कमी होते.

उरलेली निम्मी कागदाने जात नाही. मुलीला सासरी पाठवताना आपल्याकडे सगळी आळी मदतीला येते. हळद लागते, गाणी होतात, पाठवणीला बायका गळ्यात पडून रडतात आणि आईचं मन मोकळं होतं. मुलगा जातो तेव्हा यातलं काहीच होत नाही. पहाटे गाडी येते, तो पाया पडतो आणि जातो. त्या दिवशी घरात एकटी बसू नकोस. मला बोलाव, शेजारणीला बोलाव, रड. त्याच्यासमोर रडू आलं तरी हरकत नाही, फक्त ‘आता आमचं कसं होणार’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. ते वाक्य पोरं जहाजावर सोबत नेतात.

फोनचं सांगते. आमच्या लहानपणी बोटीवरच्या माणसाचं पत्र यायचं, तेही पुढच्या बंदरातून टाकलेलं. आता जहाजावर नेट असतं. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नव्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४पासून लागू झाल्या, त्यात मालकाने जमेल तितकी नेटची सोय द्यावी हेही आलंय. चांगलंच झालं. पण चार तास ड्युटी आणि आठ तास मोकळे अशा पाळ्या असतात, त्यातही मधल्या वेळात काही ना काही काम निघतं. आपली संध्याकाळ ती त्याची झोप असेल. म्हणून मेसेज तू टाक आणि फोन त्याला करू दे. दोन दिवस काही आलं नाही तर जहाज कुठंय ते दाखवणारं ॲप उघडून रात्रभर बसू नकोस. भर समुद्रात गेल्यावर जहाज त्यातून बऱ्याचदा दिसेनासं होतं, आणि आईचा जीव विनाकारण टांगणीला लागतो.

घरच्या अडचणी लपवू नकोस, पण अर्धवटही सांगू नकोस. ‘बाबांना ताप आलाय’ एवढंच ऐकलं की तिकडे पोर तळमळतं. ‘ताप आला होता, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू आहेत’ असं सांग. आणि कधी खरंच वाईट घडलं तर ते त्याच दिवशी कळव. घरातला मृत्यू ‘काम संपवून येऊ दे, मग सांगू’ म्हणून लपवलेला पोरं विसरत नाहीत. निर्णय त्याला घेऊ दे, तो आता मोठा आहे.

आमचे जावई म्हणजे तुझा नवरा, त्यांनाही समजून घे. ते काही बोलणार नाहीत. लाईट बिल भरलं का, गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो, असलेच प्रश्न मुलाला विचारतील. त्यांच्या जिवाची घालमेल तीच आहे. त्यांना टोकू नकोस.

तुझ्या लेकीचं वेगळं, ती परळला. पूर्वी मुंबईला मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायचं म्हणजे भरतीचं वेळापत्रक बघायला लागायचं, ओहोटीला गाळामुळे लाँच थांबायची. मुलीकडे जायचं तर ठरवून, निरोप देऊन जायचो. १२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी अटल सेतूचं आणि उरणच्या लोकलचं उद्घाटन झालं. आता कधीही उठावं आणि जावं. म्हणूनच सांगते, न सांगता डबा घेऊन तिच्या दारात उभी राहू नकोस. लांब होतो तेव्हा अंतरच आपल्याला आवरत होतं, आता आपलं आपल्याला आवरायला हवं. फोन कर, ‘रविवारी येऊ का?’ विचार, आणि ती ‘पुढच्या रविवारी ये’ म्हणाली तर मनाला लावून घेऊ नकोस.

जागेचं बोलायलाच हवं, कारण आपल्या तालुक्यात निम्मी भांडणं तिथून उठतात. १९८४च्या जानेवारीत जमीन संपादनाविरुद्धच्या जासईच्या लढ्यात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली, त्या लढ्यातून गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले. ते प्लॉट पोरांना बांधून ठेवायचं दावं करू नकोस. ‘इथं राहिलास तर तुझं’ असं कधी म्हणू नकोस. एकीकडे लेकीला ‘तुझं तू बघ’ म्हणायचं आणि दुसरीकडे हक्कसोड पत्रावर सहीला बोलवायचं, हेही मला पटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत २००५पासून मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. दोघांना समोर बसवून बोला, वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या, आणि मग तो विषय जेवणाच्या ताटावर आणू नका.

खाण्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आपण बायका तिथंच सगळी माया ओततो. सुके बोंबील द्यायचे तर ऊन चांगलं खाऊ दे, डोकं-शेपूट काढ, दोन बोटांएवढे तुकडे कर आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाज, कडकडीत मोडतील इतके. गार झाल्यावरच कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भर. कोमट भरलेस तर आत दमट होतात आणि बॅगभर वास सुटतो. पण हे सगळं तू करू नकोस, त्याला तव्यापुढे उभा कर. तांदळाची उकड काढून भाकरी थापायलाही शिकव, पहिल्या वाकड्या झाल्या तरी त्याच वाढ. आणि काम संपवून घरी आला की पहिले दोन दिवस झोपू दे, पाहुणे नंतर बोलाव.

करार हातात आला की कागद घेऊन माझ्याकडे ये, कंपनीचं नाव दोघी मिळून तपासू. त्यालाही आण, मोबाईलवर ती यादी उघडायची त्यालाच सांगू.