शिस्त धरताना

पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, एअर रायफलला साइट कुठली घेऊ?" दुकानदारानं तीन दाखवल्या, तिन्हींचे भाव तीन तऱ्हांचे, आणि तुझा बाबा म्हणाला, महाग ती चांगली. एका वाक्यात उत्तर देणं माझ्या जिवावर आलं. आधी फौजेत आणि मग क्लबात पोरांच्या पाठीमागं उभं राहून जे कळलं, ते सावकाश लिहून देतोय. जपून ठेव.

आधी एक शब्द ऐक. फौजेत उस्ताद "शिस्त लो" म्हणायचे, म्हणजे नेम धर. आपल्या जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच. वागण्यातली शिस्त आणि डोळ्यातली शिस्त, दोन्हींना आपल्याकडं शब्द एकच. दर वेळी त्याच जागी गाल टेकवायला आणि तेच चित्र बघायला जी साइट तुला मदत करेल, ती तुझी.

आधी दस्ता, मग साइट

नवी पोरं सगळे पैसे साइटवर घालतात आणि गालपट्टी कारखान्यातून आली तशीच राहते. मग डोळा मागच्या साइटच्या भोकासमोर यावा म्हणून मान वाकवतात. वाकडी मान पहिल्या दहा गोळ्या सोसते. सामन्यात गोळ्या ६० असतात आणि वेळ सव्वा तास. चाळिसाव्या गोळीला मानेतून कळ निघायला लागली की गाल सुटतो, आणि गाल सुटला की नेम सुटलाच.

म्हणून आधी दस्त्याची लांबी आणि गालपट्टीची उंची बसवून घे. तुझी मान लांब आहे, आजीवर गेलीयस. तुला पुढच्या आणि मागच्या दोन्ही साइटखाली सारख्या उंचीचे राइजर, म्हणजे साइट वर उचलणारे ठोकळे, लागतील. ते बसवलेस की गालपट्टीही तेवढीच वर घे. डोकं सरळ आणि नजर समोर राहिली पाहिजे.

दुकानात डोळे मिट

साइट बसवलेली रायफल खांद्याला लाव, तोंड भिंतीकडं. गाल टेकव, डोळे मिट, दोन श्वास घे, आणि मग डोळे उघड. मागचं भोक, त्यात पुढच्या नळकांड्याचा गोल, त्यात रिंग. एकात एक गोल दिसले पाहिजेत आणि मधली फट चहूबाजूंनी सारखी हवी.

असं पाचदा कर. दर वेळी चित्र वेगळं दिसलं तर तुझा गाल अजून घर शोधतोय, साइटला दोष देऊ नकोस. पाचही वेळा एकाच बाजूला सरकलेलं दिसलं तर गालपट्टी सरकव. साइटचा स्क्रू फिरवून हे दुखणं जात नाही. तो स्क्रू फक्त छर्रा कुठं पडतो ते बदलतो.

मागची साइट डोळ्यापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर असावी. फार जवळ आणलीस तर पापणी भोकाला लागते, फार लांब नेलीस तर भोवती नको तेवढं दिसायला लागतं. जागा ठरली की पट्टीवर पेन्सिलीची बारीक रेघ ओढ आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दे, अर्धा स्क्रूवर, अर्धा साइटच्या अंगावर. स्क्रू ढिला झाला की ठिपक्याचे दोन तुकडे होतात आणि लांबूनच कळतं. तुझ्या आत्यानं दिलेली लाल बाटली पडून आहे ना, तीच वापर.

रिंग जरा मोठीच घे

पुढच्या साइटला आम्ही माशी म्हणायचो. तुमच्या मॅच रायफलीत माशीच्या जागी नळकांडं असतं आणि त्यात रिंग बसवतात. पोरांना वाटतं, रिंग जितकी घट्ट तितका नेम पक्का. हिशेब करून बघ. १० मीटरवरच्या चांदमारीतला काळा गोल ३०.५ मिलीमीटरचा. डोळ्यापासून रिंगचं अंतर ८५-९० सेंटिमीटर. एवढ्या अंतरावर तो काळा गोल जेमतेम २.७ मिलीमीटरचा दिसतो. तिथं ३ मिलीमीटरची रिंग घातलीस की काळ्याभोवती पांढरं उरतच नाही. अंग जरा हललं की काळा कडेला चिकटतो, डोळा घाबरतो आणि बोट चाप झटक्यानं ओढतं.

तू चारच्या आसपासची रिंग घेऊन सुरुवात कर. काळ्याभोवती पांढऱ्याची चांगली रुंद कड दिसली पाहिजे. ती कड सगळीकडून सारखी आहे की नाही हे डोळ्याला आपोआप कळतं. हात स्थिरावला की रिंग एका पायरीनं कमी करून बघ, आणि गुण वाढले तरच ती ठेव. फिरवून लहानमोठी होणारी रिंग मिळाली तर बरंच, सुट्या रिंगा हरवतात.

नजर कुठं

नजर रिंगवर ठेव. काळा गोल थोडा पुसट दिसला तरी चालेल. कारण सांगतो. दोन साइटींमधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर धर. रिंग मागच्या भोकाच्या मध्यापासून एक मिलीमीटर सरकली की चांदमारीवर छर्रा साडेबारा मिलीमीटर सरकतो, आणि दहाचा गुण सहावर येतो. अर्धा मिलीमीटर सरकली तरी आठ. दहाचा ठिपका स्वतःच अर्ध्या मिलीमीटरचा आहे. काळ्याकडं टक लावणाऱ्याला ही घसरण दिसत नाही, रिंगकडं बघणाऱ्याला दिसते.

आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घे. त्यापुढं डोळा खरं चित्र बघत नाही, आधीचंच धरून बसतो. रायफल खाली घेण्यात कमीपणा नाही.

भोक, उजेड आणि दुसरा डोळा

मागच्या साइटला आयरिस असू दे, म्हणजे भोक लहानमोठं करता येतं. भोक लहान केलं की कडा रेखीव दिसतात, पण उजेड आटतो. फारच लहान केलंस तर कडा परत धुरकट होतात. १.१-१.२ मिलीमीटरपासून सुरू कर आणि हॉलच्या उजेडाप्रमाणं बदल. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं, तेव्हा थोडं उघड.

दुसरा डोळा मिटू नकोस. एक मिटला की नेमाचाही डोळा आकसतो आणि थकतो. दुसऱ्या डोळ्यापुढं दुधी प्लास्टिकची पट्टी लाव, काळी नको. नियमात तिची रुंदी ३० मिलीमीटरपर्यंतच चालते.

आणि साइट घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन ये. नंबर निघाला तर रोजच्या चष्म्यावर भागवू नकोस. रायफलीवर डोकं टेकलं की आपण काचेच्या कोपऱ्यातून बघतो. नेमबाजांची फ्रेम वेगळी मिळते, तिची काच डोळ्यासमोर सरळ फिरवून घेता येते.

खटके मोजून घे

साइटच्या चकत्या फिरवल्या की टक् टक् असे खटके लागतात. प्रत्येक खटका बोटाला स्वच्छ कळला पाहिजे. घेण्याआधी ही परीक्षा कर. पाच छर्रे मार. वीस खटके उजवीकडं दे, पाच मार. वीस खटके परत फिरव आणि पुन्हा पाच मार. शेवटचे पाच पहिल्या पाचांच्या जागीच पडले पाहिजेत. मग हेच वर-खाली करून बघ.

मी हे न करता एकदा जुनी साइट घेतली होती. दिसायला नवीकोरी, भावही बरा. तिच्या चकतीत प्ले होता. दोन खटके दिले तरी काही हलायचं नाही, तिसऱ्याला एकदम उडी. दोन महिने मी स्वतःच्या हाताला नावं ठेवत बसलो. तेव्हापासून जुन्या मालाला नाही म्हणत नाही, पण पंधरा छर्रे मारल्याशिवाय पैसे काढत नाही.

चकतीवरचे बाणही नीट वाच. काही साइटींवर बाणाचा अर्थ 'छर्रा वर गेला तर इकडं फिरव' असा असतो, काहींवर 'छर्रा वर न्यायचा तर इकडं'. दोन्ही अगदी उलट. ऐन सामन्यात गोंधळ नको.

अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. अंतिम फेरीआधीच्या सरावाच्या गोळ्या भलतीकडं जात होत्या आणि साइट हललेली होती, असं त्यांनीच नंतर आत्मचरित्रात सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं ती सारखी केली आणि शेवटची गोळी १०.८ मारली. आपल्या साइटचा एक खटका छर्रा किती हलवतो हे हाताला पाठ असलं, तरच असं जमतं. वहीत पहिल्या पानावर तुझे खटके लिहून ठेव.

रेड डॉटचा मोह

ह्यूस्टनचा तुझा आतेभाऊ म्हणाला म्हणे, रेड डॉट घे, सोपं असतं. त्याचं त्याच्या जागी खरं आहे. तिकडं घराच्या राखणीसाठी रायफल ठेवणारे लोक रेड डॉट बसवतात. खोलीभर अंतर, अपुरा उजेड, वेळ कमी. काचेत लाल ठिपका दिसतो, दोन्ही डोळे उघडे आणि नजर समोरच्यावरच राहते. तुझं काम नेमकं उलट आहे, तुझी नजर रिंगवर हवी. शिवाय आपल्या खेळाच्या नियमात भिंग असलेली साइट चालतच नाही. भिंग फक्त तुझ्या चष्म्यात चालतं.

आणि शेजारच्या काकूंनी तुझ्या आईला विचारलं ना, "चोरांसाठी घेतली का हो?" त्यांना नीट समजावून सांग. आपल्या घराची राखण दाराची भक्कम कडी, अंगणातला दिवा, हाकेला धावणारा शेजार आणि ११२ नंबर करतात. रायफल पेटीत कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, आणि पेटी उघडायची ती रेंजवरच.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांत आधी पाळायचं. साइटमधून माणूस बघायचा नाही. रायफल रिकामी असली तरी नाही, गमतीनंसुद्धा नाही, लांब रस्त्यावरचा असला तरी नाही. साइट सुटी करून हातात घेतलीस तरी तिच्यातून कुणाच्या तोंडाकडं बघू नकोस, सवय तिथूनच लागते. नवी साइट मिळाल्यावर भिंतीवर कागदाचा काळा गोल चिकटव आणि तोच बघ.

आपल्या जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य आणलं. तेही अशाच एका भोकातून, अशाच एका रिंगकडं बघत तासन् तास उभे राहिले. तू पदक आणशील की नाही ते मला ठाऊक नाही. पण रोज अर्धा तास गाल त्याच जागी टेकवून, घाई न करता, तेच चित्र बघायला शिकलीस तर शिस्त या शब्दाचे दोन्ही अर्थ तुझ्या अंगी बाणतील.

तीन साइटींपैकी कुठली, ते आता मला विचारू नकोस. रविवारी दुकानात जा आणि डोळे मिटून बघ.

तुझा,
आबा