वीज गेलेली असताना स्टार्टर उघडावा का?

प्रश्न : विहिरीवरच्या मोटरला ऑटो स्विच आहे. भारनियमनाच्या वेळेत स्टार्टरचे काँटॅक्ट बदलले तर चालेल का?

उत्तर : अजिबात नको. वीज कधीही येते आणि ऑटो स्विच तुम्हाला न विचारता मोटर चालू करतो.

आधी ऑटो बंद करा, मग मेन स्विच पाडा आणि तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा. एकच काढून भागत नाही. उरलेल्या फेजचा दाब मोटरच्या वाइंडिंगमधून त्या ‘बंद’ तारेवरही येतो. स्विचच्या दांड्याजवळ भोक असेल तर त्यात कुलूप घाला. किल्ली काम करणाऱ्याकडेच हवी, घरी खुंटीला नको.

आता तपासणी. पायात रबरी चप्पल असली की पेन टेस्टर फसवू शकतो, म्हणून मल्टिमीटर घ्या. वीज आल्यावर तो आधी मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला लावा. तिथे साधारण 415 व्होल्ट दिसले म्हणजे मीटर शाबूत. मग स्टार्टरवर प्रत्येक दोन फेजमध्ये आणि प्रत्येक फेज ते अर्थिंग असं मोजा. कपॅसिटर असेल तर वीज तोडल्यावरही त्यात भार राहतो. त्याच्या टोकांवर शून्य दिसेपर्यंत हात लावू नका.

मेन स्विचला येणाऱ्या तारा मात्र जिवंतच असतात. मेन स्विचच गंजलेला असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि डीपीवरचे फ्यूज स्वतः कधीही काढू नका.